युकुलेलेवर शेवटची पट्टी चढवताना

जुन्या, गुळगुळीत पॉप गाण्यांची खरी मजा शेवटी असते. ध्रुवपद पुन्हा येतं आणि गाणं अचानक एक स्वर वर उचललं जातं. युकुलेलेवर, म्हणजे गिटारसारख्या चार तारांच्या छोट्या वाद्यावर, माझं घोडं नेमकं तिथेच अडायचं. सी पट्टीतून डी-मध्ये गेलं की बी मायनर हा कॉर्ड (एकत्र वाजवायचा स्वरांचा गट) येतो. तो बोट आडवं टाकून धरावा लागतो, आणि तोवर गाणं पुढे निघून गेलेलं असतं.

उपाय साधा निघाला: गाणं मुळातच जी-मध्ये सुरू करायचं. जी, ई मायनर, सी, डी या चार कॉर्डवर असली गाणी ढिगाने बसतात. वर चढल्यावर ए, एफ शार्प मायनर, डी आणि ई लागतात. यातला ई युकुलेलेवर भलताच अवघड, म्हणून तिथे ई सेव्हन घेतो: जी तारेवर पहिला फ्रेट (दांडीवरचं घर), सी आणि ए तारांवर दुसरा, ई तार मोकळी. पट्टी बदलण्याआधी हाच ई सेव्हन पूर्ण चार मात्रा वाजवला की कान आपोआप ए-ची वाट बघू लागतो.

एफ शार्प मायनर तर फुकटातच मिळतो. ए धरलेला असतो, त्यात ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर एक बोट वाढवायचं, बस्स.

राहिला ठेका. वरची जी तारही उंच स्वराची असल्याने या वाद्याला खर्ज नाही. म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला तळव्याच्या कडेने तारा दाबत स्ट्रम मारतो, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवतो. ‘चक्’ असा आवाज येतो आणि ड्रमची उणीव बऱ्यापैकी भागते. गाताना मात्र लाजायचं नाही, ही गाणी संकोचाने म्हटली की फारच केविलवाणी वाटतात.