ऑनलाइन थेरपी घेताय? या चुका टाळा

‘तीन-चार सेशन झाली, पैसे गेले, फरक काही नाही.’ ऑनलाइन थेरपीबद्दल ही तक्रार सर्रास ऐकू येते. दर वेळी दोष थेरपिस्टचा नसतो, आणि स्क्रीनचाही नसतो. समोरासमोर बसलं की थेरपिस्टला तुमचा हलणारा पाय दिसतो, दाराकडे वळणारी नजर दिसते, जोडीदार बोलायला लागल्यावर तुम्ही खुर्ची किती मागे घेता तेही दिसतं. व्हिडिओ कॉलवर दिसतो तो चेहरा आणि खांदे. बाकीचं तोंडाने सांगावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

ज्यांच्याबद्दल बोलायचं, ते शेजारच्या खोलीत

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. भिंतीपलीकडे सासू, नवरा किंवा वडील असतील, तर ‘हा आठवडा कसा गेला?’ या प्रश्नाला ‘ठीक’ एवढंच उत्तर येणार. आवाज खाली जातो, नावं गळतात, ‘ती व्यक्ती’, ‘तो विषय’ असं कोड्यात बोलणं सुरू होतं. पाऊण तास असा काढला की थेरपिस्टच्या हातात काहीच पडत नाही, आणि तुम्हाला वाटतं यांना आपलं कळतच नाही.

उपाय साधे आहेत. इयरफोन लावा, म्हणजे निदान समोरचे प्रश्न तरी बाहेर ऐकू जात नाहीत. दाराबाहेर पंखा किंवा गाणी लावून ठेवली तर शब्द त्यात मिसळून जातात. उभ्या गाडीत बसून सेशन घेणारे खूप आहेत, आणि त्यात काही वावगं नाही. चालत्या गाडीत मात्र नको. पहिल्याच भेटीत एक खुणेचं वाक्य ठरवून घ्या. ‘ऑफिसचा फोन येतोय’ असं म्हटलं की कोणीतरी आत आलंय, विषय बदला. नाजूक शब्द चॅटमध्ये टाइप करून पाठवता येतात, हेही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

दोन मीटिंगांच्या फटीत सेशन

एक सेशन साधारण ४५ ते ५० मिनिटांचं असतं. क्लिनिकला जायचं तर वाटेत मन थोडं तयार होतं, परतताना थोडं निवतं. ऑनलाइनमध्ये ही वाटच नाही. एका मिनिटापूर्वी एक्सेल, एका मिनिटानंतर बॉस! आधी-नंतर दहा-पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. लिहायची सवय असेल तर त्या वेळेत दोन ओळी खरडा: आज काय बोलायचंच आहे, आणि काय बोलायचं टाळतोय.

स्क्रीनवरची स्वतःचा चेहरा दाखवणारी चौकट लपवण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती वापरा. व्हिडिओ कॉलने थकवा का येतो यावर स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये लिहिलं. त्यांनी दिलेल्या चार कारणांत सतत स्वतःचा चेहरा दिसत राहणं हे एक होतं. रडताना आपण कसे दिसतो हे बघत कोणी मोकळं रडू शकत नाही.

नेट जाणारच आहे असं धरून चाला. कॉल तुटला तर कोणी कोणाला फोन करायचा हे आधीच ठरवा. नाहीतर अगदी कळीच्या वाक्याला स्क्रीन गोठते, दोघंही लिंक उघडत-मिटत बसतात आणि ते वाक्य पुन्हा बोललं जात नाही.

जोडीने घेताना

इथे चुका जास्त होतात, कारण भांडणाची सवय कॅमेऱ्यासमोरही सुटत नाही. एकाने मोबाइल हातात धरलेला, त्याचा चेहरा पूर्ण, दुसऱ्याचा नुसता कान. मग ज्याचा चेहरा दिसतो तोच बोलत राहतो. लॅपटॉप टेबलावर हातभर दूर ठेवा, दोघंही कमरेपर्यंत दिसाल असे बसा. वाद पेटत असेल तर वेगवेगळ्या खोल्यांतून दोन उपकरणांवरून बसलात तरी चालेल, थेरपिस्टला विचारून तसं ठरवा. पण दुसरा बोलत असताना कॅमेरा बंद करणं, किंवा थेरपिस्टला चॅटमध्ये गुपचूप ‘खोटं बोलतोय’ असं टाकणं, हे अजिबात नको.

त्याच ओघात गुपितांचं. बरेच जण जोडीच्या सेशनआधी थेरपिस्टला वेगळा मेसेज करून ‘हे तिला सांगू नका’ म्हणतात. एकट्याने सांगितलेल्या गोष्टींचं काय करायचं याचा प्रत्येक थेरपिस्टचा नियम असतो. तो सुरुवातीलाच विचारा. वर्षभर एकट्याने ज्यांच्याकडे जात होता, त्यांनाच ‘आता आमचं दोघांचं बघा’ म्हणणंही बहुधा फसतं. दुसरा माणूस पहिल्या मिनिटापासून आरोपीच्या पिंजऱ्यात बसल्यासारखा बसतो.

आणि थेरपिस्टकडून निकाल मागू नका. नात्यांवर अनेक वर्षं संशोधन केलेल्या जॉन गॉटमन यांच्या मते जोडप्यांच्या वादांपैकी सुमारे ६९ टक्के वाद कायमचे सुटत नाहीत. स्वभाव आणि गरजा वेगळ्या असल्यामुळे ते परत परत येतात. ‘कोण बरोबर’ हे ठरवून घ्यायला गेलात, तर यातल्या कुठल्याच वादाला उत्तर मिळणार नाही. त्यावर न चिडता कसं बोलायचं, हे मात्र शिकता येतं.

लॅपटॉप मिटला की दोघं त्याच खोलीत असता. ‘तू त्यांच्यासमोर असं का म्हणालास?’ हा दुसरा अंक लगेच सुरू होतो. सेशननंतर अर्धा तास त्यातलं काहीही बोलायचं नाही, असा नियम करा.

घरात मारहाण होत असेल किंवा जोडीदाराची भीती वाटत असेल, तर जोडीची थेरपी आधी नकोच. तिथे खरं बोलल्याची शिक्षा सेशननंतर मिळू शकते. एकट्याने मदत घ्या, आणि तीही जोडीदार तपासत नसलेल्या फोनवरून. अपॉइंटमेंटची नोटिफिकेशन, बिलाचा ईमेल, सामायिक खात्यातली नोंद, सगळं आठवून बघा.

माणूस आणि ॲप न तपासणं

प्रोफाइलवरचं हसरं छायाचित्र ही पात्रता नव्हे. शिक्षण, नोंदणी, आणि तुम्ही राहता तिथे काम करण्याची परवानगी आहे का, हे सरळ विचारा. चांगला थेरपिस्ट त्याचा राग मानत नाही. औषधाची गरज वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच लागतात, समुपदेशक औषध देत नाहीत.

गोपनीयता धोरण वाचायचा कंटाळा येतो, मान्य. पण २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपी देणाऱ्या बड्या कंपनीला ७८ लाख डॉलर भरायला लावले, ते ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून. निदान ‘माहिती कोणाला दिली जाते’ हा परिच्छेद तरी वाचा.

थेरपिस्ट सुरुवातीला तुमचा पत्ता आणि जवळच्या कोणाचा तरी नंबर मागतात, तेव्हा काहींना ती भोचक चौकशी वाटते. तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मदत पाठवायची कुठे, एवढ्यासाठी ते विचारतात. खोटा पत्ता देऊ नका. जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या आठवड्याच्या सेशनची वाट बघू नका. लगेच आपत्कालीन सेवेला फोन लावा.

न सांगता गायब होणं

क्लिनिकमध्ये निदान पुढची तारीख नको म्हणताना तोंड दाखवावं लागतं. इथे लिंक उघडली नाही की संपलं. आणि काही जण सोडतात ते थेरपिस्टचं एखादं वाक्य लागल्यावर. तेच वाक्य पुढच्या वेळी पहिल्यांदा काढा: ‘मागच्या वेळी तुम्ही असं म्हणालात, ते मला आवडलं नाही.’ थेरपिस्टशी सूर जुळणं हा थेरपी लागू पडण्यातला मोठा भाग आहे, आणि तो अशा तक्रारींमधूनच जुळतो. बोलून बघूनही नाहीच जुळला तर माणूस बदला, आणि जाण्याआधी त्यांनाच विचारा की माझ्यासाठी कोण योग्य ठरेल. बरेच जण दोन-तीन नावं सुचवतात.