आपत्तीनंतर शहराची कला टिकवायची असेल तर काय करायचं

भूकंप किंवा पूर येऊन गेला की पहिलं वर्षभर सगळे येतात, कॅमेरेवाले, देणगीदार, चॅरिटी शो, पण खरं अवघड जातं ते तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून, कारण तोवर बातम्या थांबलेल्या असतात आणि निम्मे कलाकार अजून परगावी कोणा नातेवाइकाकडे राहत असतात. म्हणून हे सगळं त्या नंतरच्या काळासाठी लिहितोय.

सगळ्यात आधी कलाकाराच्या घराचं बघा, फेस्टिवल वगैरे नंतर. २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळ आलं, बांध फुटले आणि अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा जवळपास ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, वादक पांगले. तेव्हा हॅरी कॉनिक ज्युनिअर आणि ब्रॅनफोर्ड मार्सालिस या तिथल्याच दोन संगीतकारांनी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरं बांधून देणाऱ्या संस्थेला सोबत घेऊन म्युझिशियन्स व्हिलेज नावाची वादकांची वसाहत उभी केली, ७२ घरं, स्वस्त कर्जावर. त्यात एक अडचण आली जी तुम्हालाही येणारच, वादकाची कमाई आज आहे उद्या नाही, पगाराची स्लिप नाही, त्यामुळे बऱ्याच जणांचे अर्ज कर्जाच्या नियमांत अडकले. तेव्हा घरांची योजना करताना कलाकाराची कमाई कशी मोजणार हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर ज्यांच्यासाठी घरं बांधली तेच बाहेर राहतात. औषधपाण्याचंही तसंच. तिथे १९९८ पासून संगीतकारांसाठी खास क्लिनिक आहे, म्हणजे वादळाच्या आधीपासून, आणि मला वाटतं अशी सोय आधी असणं हीच मोठी गोष्ट आहे.

मग मुलं. त्याच वसाहतीत २०११ मध्ये एलिस मार्सालिस सेंटर सुरू झालं, वादळानंतर सहा वर्षांनी, आणि तिथे मुलं वाजवायला शिकतात. प्लीज हे सोडू नका! एकदा दहा वर्षं कोणी शिकलंच नाही की पुढे मिरवणुकीत वाजवणार कोण, बँड काही आयत्या वेळी उभा राहत नाही.

जागेचं म्हणाल तर नवीन थिएटर बांधून होईपर्यंत थांबू नका. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर शहराच्या मध्यभागातल्या इमारती पाडल्या आणि सगळीकडे मोकळे प्लॉट पडले, तर गॅप फिलर नावाच्या ग्रुपने त्या प्लॉटवरच कामं केली. त्यांचं डान्स-ओ-मॅट मला फार आवडतं, नाण्यावर चालणारं एक जुनं वॉशिंग मशीन, दोन डॉलरचं नाणं टाकायचं, आपला फोन जोडायचा, स्पीकर आणि लाइट सुरू, आणि नाचायचं. प्लॉटवर बांधकाम सुरू झालं की ते उचलून दुसरीकडे न्यायचं. जमीनमालकाशी बोलताना हेच सांगा की जागा थोड्या दिवसांसाठी हवी आहे आणि मागितली की लगेच मोकळी करून देऊ, पण ते लेखी करा आणि काही लागलं-पडलं तर जबाबदारी कोणाची, इन्शुरन्स कोण काढणार हेही त्यातच लिहा.

वर्षाचा एक ठरलेला कार्यक्रम मात्र चुकवू नका, लहान करा पण करा. न्यू ऑर्लिन्सने २००६ च्या फेब्रुवारीत, म्हणजे सहाच महिन्यांत, मार्डी ग्रा, म्हणजे तिथला मिरवणुकांचा मोठा सण, केला, दिवस कमी करून केला. त्यावर टीका झाली, घरं नाहीत आणि मिरवणुका कसल्या काढता म्हणून, आणि ती टीका चुकीची होती असं मी म्हणणार नाही, ज्याचं माणूस गेलंय त्याला तसं वाटणारच. पण मण्यांचे पोशाख वर्षभर हाताने शिवणारे लोक, बँडवाले, यांचं अख्खं वर्ष त्या एका दिवसाभोवती फिरतं, तो गेला की कामही जातं आणि परत यायचं कारणही जातं.

पैशाचं एकाच मोठ्या देणगीदारावर टाकू नका, तो चार-पाच वर्षांत दुसरीकडे वळतो. जपानमधल्या कोबेमध्ये जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर त्याच डिसेंबरपासून लुमिनारी नावाची दिव्यांची आरास सुरू झाली, तिथे बघायला येणाऱ्या प्रत्येकाला १०० येन टाका अशी विनंती करतात. शहराबाहेरून येणाऱ्यालाही ते जड जात नाही. तेवढ्याने सगळा खर्च निघेल असं धरू नका, पण तुमच्याकडे अशी पेटी पहिल्याच वर्षापासून ठेवा, आणि जमलेल्या पैशातून वाजवणाऱ्याला आधी मानधन द्या, मांडववाल्याचं बिल नंतर.