जंक फूडवर कर मागायचाय? निवेदन असं लिहा

मी तासगावात शाळेत शिकवते. पालकांनो, अर्ज ग्रामपंचायतीत देऊन उपयोग नाही. दर जीएसटी परिषदेत ठरतात आणि तिथे राज्यांचे अर्थमंत्री बसतात, म्हणून निवेदन राज्याच्या अर्थमंत्र्यांच्या नावे लिहा.

आधी बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा. १०० मिलीला ११ ग्रॅम साखर असेल तर ६०० मिलीच्या बाटलीत ६६ ग्रॅम. तेवढी साखर मुलांनाच वाटीत मोजायला लावा आणि त्या वाटीचा फोटो निवेदनाला जोडा.

मागणी नेमकी हवी. सप्टेंबर २०२५ पासून शीतपेयांवर ४०% जीएसटी आहेच, पण साखर असो वा नसो, दर तोच. मग कंपनी साखर कशाला कमी करेल? ब्रिटनने २०१८ मध्ये १०० मिलीत ५ ग्रॅम आणि ८ ग्रॅम असे टप्पे ठरवून कर लावला आणि कंपन्यांनी साखर खरोखर घटवली. तसेच टप्पे मागा. बिस्किटं, फरसाण त्याच सप्टेंबरात ५ टक्क्यांवर आलं, हेही ठणकावून लिहा.

भडंगवाल्या गाड्यांना मात्र यात ओढू नका. शेवटी मागा, की जमा होणाऱ्या पैशातून शालेय पोषण आहारात अंडी आणि आपले बेदाणे द्या.