वीस वर्षांनी घराला किती ऊर्जा लागेल? अंदाज असा बांधा

मागची बिलं काढायची, वापर दरवर्षी किती टक्क्यांनी वाढला ते बघायचं आणि तीच रेघ पुढे ओढायची, हा बहुतेकांचा रिवाज. सोपा आहे, पण फसवा आहे. आज वर्षाला २००० युनिट लागत असतील आणि वाढ ३ टक्के धरली, तर वीस वर्षांनी सुमारे ३६०० युनिट येतात. ५ टक्के धरली तर ५३००. दोनच टक्क्यांच्या फरकाने उत्तर जवळजवळ दीडपट झालं.

मोठमोठे नियोजनकारही यात पोळले आहेत. अमेरिकेत १९७३च्या तेलसंकटाआधी विजेची मागणी वर्षाला सुमारे ७ टक्क्यांनी, म्हणजे दर दहा वर्षांनी दुप्पट होत होती. तीच चाल पुढे टिकेल असं धरून वीजकेंद्रं आखली गेली. मागणी मंदावली आणि शंभराहून जास्त अणुभट्ट्यांच्या ऑर्डरी रद्द झाल्या. खर्च वाढला होताच, पण फुगवलेला अंदाजही तितकाच नडला.

म्हणून युनिटांपासून सुरुवात करू नका, कामांपासून करा.

पायरी १ : कामं लिहून काढा

स्वयंपाक, अंघोळीचं पाणी, घर गार किंवा उबदार ठेवणं, उजेड, अन्न टिकवणं, कपडे धुणं, ये-जा. प्रत्येकासमोर आज कोणतं इंधन लागतं ते लिहा. गॅस आणि पेट्रोल वगळू नका. एक किलो एलपीजी म्हणजे सुमारे १३ युनिट ऊर्जा, एक लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ९. ही दोन इंधनं उद्या विजेच्या खात्यात येऊ शकतात, म्हणून नुसती वीज मोजणाऱ्याचा हिशेब पहिल्याच पानावर अर्धा राहतो.

पायरी २ : आजचा वापर मोजा

वॅट गुणिले तास भागिले हजार म्हणजे युनिट. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला तर वर्षाला सुमारे ११० युनिट. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी १६ युनिटांत भागवतो. फ्रिज आणि एसीला मात्र हे गणित थेट लावू नका. त्यांचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो, त्यामुळे लेबलवरचा वार्षिक आकडा घ्या.

एक प्रयोग जरूर करा. रात्री एसी, पंखे, दिवे बंद करून झोपताना मीटर वाचा आणि उठल्यावर, काहीही चालू करण्याआधी, पुन्हा वाचा. आठ तासांत ०.८ युनिट गेलं असेल तर घरात सतत १०० वॅटचा भार आहे. फ्रिज, राऊटर आणि रिमोटने ‘बंद’ केलेला टीव्ही मिळून वर्षाला ८७६ युनिट! हा आकडा पाहिला की घराकडे बघण्याची नजरच बदलते.

पायरी ३ : माणसं आणि हवामान

मुलं घराबाहेर पडणार का, कोणी निवृत्त होऊन दिवसभर घरी असणार का, खोली वाढणार का, हे पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी मांडा. उन्हाळ्यासाठी ‘अंश-दिवस’ वापरा: २४ अंश आधार धरला आणि दिवसाचं सरासरी तापमान ३१ असलं, तर ते ७ अंश-दिवस. वर्षभराची बेरीज वाढली की गारव्याचा खर्चही चढतो.

पायरी ४ : धोरणाची रेघ वेगळी ओढा

इथे घाई करू नका. वीस वर्षांच्या अंदाजात सर्वांत मोठी उलथापालथ इथेच होते. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या मध्यात नवा फ्रिज वर्षाला सरासरी सुमारे १८०० युनिट खात असे. आधी कॅलिफोर्नियाने आणि नंतर केंद्र सरकारने कार्यक्षमतेची किमान मानकं लावली, ती टप्प्याटप्प्याने कडक केली, आणि २००१पर्यंत हा आकडा ५००च्या आसपास आला. तोही फ्रिज आकाराने वाढलेला असताना. बिलांवरून पुढे ओढलेल्या कुठल्याच रेघेत ही घसरण दिसली नसती.

पण नियम आला म्हणून घरातला फ्रिज त्या रात्री बदलत नाही. तो मोडीत निघेल तेव्हाच नियम घरात शिरतो. फ्रिजचं आयुष्य १५ वर्षं धरा. कडक मानक पाचव्या वर्षी आलं, तर विसाव्या वर्षापर्यंत वस्तीतले जवळपास सगळे फ्रिज नवे झालेले असतील. तेच मानक पंधराव्या वर्षी आलं तर जेमतेम एक तृतीयांश. म्हणून प्रत्येक उपकरणासमोर ‘पुढची बदली कधी’ हा रकाना हवाच. इमारतीच्या नियमांना तर पिढ्या लागतात. भिंती आणि छत कोणी दर पंधरा वर्षांनी बदलत नाही.

उलटा परिणामही धरा. उपकरण काटकसरी झालं की ते जास्त वेळ चालवलं जातं. कोळशाच्या बाबतीत इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स यांनी हे १८६५मध्येच मांडलं होतं. मागणी वाढवणारी धोरणंही असतात. विजेच्या गाडीला अनुदान मिळालं, रोज ३० किलोमीटर फिरणं झालं आणि किलोमीटरला ०.१५ युनिट लागलं, तर वर्षाला १६०० युनिटांहून जास्त भर पडते. बिल फुगलं तरी घराची एकूण ऊर्जा घटलेली असते, कारण तेवढ्याच अंतराला पेट्रोल कितीतरी जास्त ऊर्जा जाळतं.

पायरी ५ : तीन उत्तरं काढा

आजचे नियम तसेच राहिले तर, जाहीर झालेले नियम खरंच अमलात आले तर, आणि आणखी कडक झाले तर, असे तीन आकडे. प्रत्येकाखाली गृहीतकं लिहा. मग हीच पद्धत दहा वर्षांपूर्वीच्या घराला लावून आजचं बिल येतं का ते तपासा. मोठी तफावत आली तर बहुधा एखादं काम यादीतून सुटलेलं असतं. पाणी तापवणं सर्वांत आधी तपासा. वही दर दोन वर्षांनी उघडा आणि नवं उपकरण आलं त्या दिवशी त्याच्या ओळीत लेबलवरचा आकडा आणि तारीख टाका.