जुनी मोटारसायकल प्रदर्शनात नेताय? आदल्या रात्रीचे हे उद्योग टाळा

दर हिवाळ्यात एकच फोन येतो, माणूस तेवढा बदलतो. "काका, रविवारी प्रदर्शन आहे आणि येझदी चालूच होईना." रविवार चार दिवसांवर आलेला असतो. गाडी पावसाळ्यापासून गोठ्यात, सीटवर कोंबड्या बसायच्या, टाकीत कधीचं पेट्रोल ते देवालाच ठाऊक. आणि पठ्ठ्याला चार दिवसांत तिला नवरी करून मांडवात उभी करायची असते.

मी गॅरेजवाला नाही. वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उभी हयात गेली. घरी एक बुलेट, एक येझदी आणि एक राजदूत आहे. संभाजीनगर, जालना, लातूरकडे कुठं जुन्या गाड्या भरल्या की पान्यांची पिशवी घेऊन मी फाटकाशी उभा असतो. बक्षीस कसं मिळवायचं ते मला विचारू नका. गाडी स्वतःच्या चाकांवर मैदानात यावी आणि स्वतःच्या चाकांवर घरी जावी, एवढंच मला कळतं. टेम्पोत घालून आणलेली चकचकीत गाडी मी बघतो, पण तोंडातून कौतुक निघत नाही.

काळ्या मातीवर साइड स्टँड

हे सगळ्यात आधी, कारण यात माझीही गाडी गेली.

काही वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयामागच्या मैदानात चाळीसेक गाड्या लागणार होत्या. जमीन आपलीच, काळी. धूळ उडू नये म्हणून पोरांनी आदल्या संध्याकाळी टँकर फिरवला. मी म्हटलं, "अरे, चिखल होईल." तर म्हणतात, "काही होत नाही काका, धूळ बसावी म्हणून पाणी मारायलोत." सकाळी जमीन वरून पापडासारखी वाळलेली, खाली लोणी. नऊ वाजता गाड्या ओळीत लागल्या, हँडलला हँडल भिडवून, सगळ्या साइड स्टँडवर. तिरकी उभी गाडी फोटोत रुबाबदार दिसते ना!

बुलेट दीडशे किलोच्या वर. त्या स्टँडच्या टोकाची रुंदी किती, तर दोन बोटं. साडेदहाच्या सुमारास एक पोरगं म्हणालं, "काका, ती बुलेट अजूनच तिरकी व्हायली बघा." मी वळेपर्यंत ती शेजारच्या येझदीवर टेकली होती, येझदी तिच्या पलीकडच्या बुलेटवर, आणि मग कडब्याच्या पेंढ्या कलंडाव्यात तशा सहा गाड्या डाव्या अंगाला गेल्या. पहिल्या बुलेटच्या हँडलचं टोक येझदीच्या टाकीत घुसलं. काच मिळते, लिव्हर मिळते, आरसे तर ढिगानं मिळतात. मूळ क्रोम असलेल्या टाकीला पोचा पडला की तो काढणारा हात आता आपल्या भागात फारसा उरलेला नाही. येझदीचे मालक शाळेत मास्तर. ते काहीच बोलले नाहीत, रुमालानं टाकी पुसत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसरी बुलेट माझी. आदल्या संध्याकाळी चिखल होईल म्हणून बोललो मीच, आणि सकाळी चार लोकांसारखी साइड स्टँडवर लावलीही मीच.

तेव्हापासून माझ्या पिशवीत शहाबादी फरशीचे चार तुकडे असतात, तळहाताएवढे. साइड स्टँडखाली एक, मधल्या स्टँडच्या दोन पायांखाली एकेक, आणि चौथा कुणीतरी मागतोच. उतार असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये. दोन गाड्यांमध्ये माणूस कुल्ले न घासता जाईल एवढं अंतर. आयोजक "जरा सरकवा, अजून दहा गाड्या यायच्यात" म्हणाले तर सरळ नाही म्हणा.

बोअरच्या पाण्याची धुलाई

आपलं बोअरचं पाणी किती क्षाराचं आहे ते बाथरूममधल्या तोटीकडे बघून कळतं. तेच पाणी शनिवारी रात्री वॉशिंग सेंटरवाल्याच्या फवाऱ्यानं गाडीवर मारायचं, आणि रविवारी क्रोमवर पांढरे ठिपके का दिसतात म्हणून मला विचारायचं. ठिपके तरी निघतात. फवाऱ्याचं पाणी पॉइंटच्या (प्लगला ठिणगी देणाऱ्या स्विचच्या) झाकणात, ड्रम ब्रेकमध्ये, मीटरमध्ये शिरतं ते जास्त वाईट. सकाळी गाडी फुसफुसते आणि मालक किक मारून घामाघूम.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. इंजिनावरचा तेलकट थर आठवडाभर आधी रॉकेल नाहीतर डिझेल आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढायचा. बाकी गाडीला ओलं फडकं, पाणी पिण्याच्या जारचं, आणि लगेच जुन्या धोतरानं कोरडं. दोन तास जातात. ज्याला दोन तास नाहीत त्यानं जुनी गाडी ठेवू नये, नवी घ्यावी.

भिजलीच असेल तर झाकण काढून पॉइंटच्या मधून जाड कागद फिरवा. लग्नपत्रिकेचा कोरा तुकडा यासाठी उत्तम, आणि तो प्रत्येकाच्या घरी असतो. प्लगची टोपी कोरडी करा. बुलेटच्या पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर, तीही फीलर गेजनं बघून घ्या. ब्लेडच्या पात्यानं अंदाज घेणारे उस्ताद मी पाहिलेत, त्यांच्या गाड्या ढकलतानाही पाहिल्यात.

धूर नको म्हणून तेल कमी

राजदूत, जावा, येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांना पेट्रोलमधलं तेल हाच इंजिनाचा जीव. नव्या पोरांना धुराची लाज वाटते. "लोक नाक दाबतात काका." म्हणून तेल निम्मं. जालन्याहून असाच एकजण सकाळच्या गारव्यात येझदी ताणत निघाला, बदनापूरच्या अलीकडे मागचं चाक जागच्या जागी थांबलं. पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटला होता. क्लच दाबायचं सुचलं म्हणून पोरगा वाचला, गाडी मात्र प्रदर्शनाऐवजी टेम्पोत चढली.

मी लिटरला 40 मिली घालतो. कमी नाही, आणि लाडानं जास्तही नाही. तेल आधी कॅनमध्ये पेट्रोलात हलवून मग टाकीत. टाकीत वरून ओतलं तर ते तळाशी बसतं आणि पहिल्या किकला प्लग तेलात न्हातो. एवढं करूनही पांढऱ्या धुराचे लोट निघत असतील तर तेलाला दोष देऊ नका. क्रँकचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गेलेली असते आणि इंजिन शेजारच्या चेनकेसमधलं (साखळीच्या डब्यातलं) तेल पिऊन जाळत असतं. येझदीच्या सायलेन्सरमधली जाळी काढून कधी साफ केली होती, तेही आठवून बघा.

आणि जुनं पेट्रोल. आता पंपावरच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणजे आपल्याच ऊस-मक्याचं. शेतकऱ्याच्या पोराला ते गोड वाटावं, पण ते हवेतलं पाणी ओढतं, पाण्यासकट टाकीच्या तळाशी बसतं, पत्रा गंजवतं आणि जुने रबरी पाइप फुगवतं. महिन्याच्या वर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे.

चप्पल घालून किक

भोवती गर्दी, कुणीतरी मोबाइल धरलेला, "मार, मार" चाललेलं, आणि मालक अॅक्सिलरेटर पिळून पंधरा किका मारतो. गाडी पेट्रोल पिऊन बसते. बुलेट ताकदीनं चालू होत नाही. किल्ली फिरवा, किक हळूहळू दाबत अँमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मध्यावर आणा, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) दाबून पिस्टन नखभर पुढे सरकवा, सोडा, किक वर येऊ द्या, मग एकच पूर्ण किक, अॅक्सिलरेटरला हात न लावता. जावा-येझदीची गिअरची लिव्हर हीच किक आहे, आत दाबून फिरवावी लागते. हे माहीत नसल्यानं "किकच नाही हो या गाडीला" म्हणणारा मालकही मला भेटलाय. दोन दिवसांपूर्वी घेतली होती म्हणे. बुलेटला चप्पल घालून किक मारणाऱ्याला मी नुसते हात जोडतो. उलटी किक घोट्याला कशी लागते ते सांगून कळत नाही.

रंगवून नवी करणं

याच्यावर मी बोलायला लागलो की बायको आत निघून जाते.

परभणीकडचा एक तरुण आजोबांची बुलेट घेऊन आला होता. काळा रंग मूळचा, टाकीवर सोनेरी रेघा. चेन्नईजवळ तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात या रेघा कारागीर ब्रशनं, हातानं ओढायचे. नीट बघितलं तर डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. आजोबांचे गुडघे लागून टाकीच्या दोन्ही अंगांचा रंग उडालेला. मागच्या मडगार्डवर गावच्या पेंटरनं लिहिलेलं गावाचं नाव, थोडं वाकडं. मी म्हटलं, हात लावू नकोस. मेण लाव, गंज जिथं खातोय तिथं थांबव, बस. तो मान हलवून गेला आणि पुढच्या वर्षी तीच गाडी मेटॅलिक मरून रंगात घेऊन आला. रेघांच्या जागी स्टिकर. जे जे मिळालं त्याला क्रोम, अगदी पायदानालाही. चासी पावडर कोट केलेली, म्हणजे भट्टीत भाजून जाड रंग चढवलेली. लाखभर गेले म्हणाला, अभिमानानं.

त्याचे वडील बघायला आले होते. धोतर-टोपीतले, हातात पिशवी. ओळीतून दोनदा फिरले आणि पोराला म्हणाले, "आपली कोणती रे?" ते तिच्यासमोरच उभे होते.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर चवीचा प्रश्न म्हणून सोडून दिली असती. पण ब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्यानं जुना रंग काढणं) आणि पावडर कोटिंगमध्ये चासी नंबर भरून गेला होता, आणि इंजिन नंबरवर पॉलिशवाल्यानं बफ फिरवला होता. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, 10 वर्षं मुदत, नंतर नूतनीकरणाला 5,000. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन यासाठी रस्त्यावर आणता येते, रोज दूध घालायला नाही. पण तपासणीला नंबरच वाचता येईना तर साहेब तरी काय करणार? आणि "पुन्हा पंच करून देतो" म्हणणारे भेटतात, त्यांच्या दारात पाऊलही टाकू नका. तो गुन्हा आहे.

पत्र्याला भोकं पडली असतील तर रंगवा, मी काही सोवळ्यातला नाही. माझ्या राजदूतच्या मडगार्डलाही पॅच आहे. रंगवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, रेघांची रुंदी मोजून वहीत लिहा, आणि दोन्ही नंबरांवर जाड टेप लावल्याशिवाय गाडी कुणाच्या ताब्यात देऊ नका.

आणखी थोडं

जुन्या ब्रिटिश गाड्यांचे आणि जुन्या बुलेटचे बरेच आटे ब्रिटिश मापाचे असतात. तिथं 13-14 चा पाना किंवा शिफ्टिंग पाना लावून नट गोल करणाऱ्यांमुळे माझी टूलरूमची विद्या अजून कामी येते. मिलिमीटरचा बोल्ट दोन वेढ्यांनंतर जड जायला लागला तर तो बसत नाहीये, आटे खातोय.

काही जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं प्लस टोक चासीला असतं. "वायरिंग उलटी केलीय कुणीतरी" म्हणून सुधारायला जाऊ नका. 6 व्होल्टच्या गाडीत 12 चा बल्ब मिणमिणतो, 12 च्या गाडीत 6 चा उडतो. आधी बॅटरीवर वाचा.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 0907 दिसलं तर त्या टायरवर फोटो काढा, बीड बायपासवर जाऊ नका.

संध्याकाळी घरी पोचलात की इंजिन बंद करायच्या आधी पेट्रोलची चावी बंद करा आणि कार्बोरेटरमधलं संपू द्या. थकून आलेला माणूस हे विसरतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई झिजलेली असेल तर रात्रभर पेट्रोल टपकत राहतं, टू-स्ट्रोकमध्ये खाली क्रँककेसमध्ये जाऊन साचतं. मग सोमवारी सकाळी सात वाजता मला फोन: "काका, काल तर मस्त चालत होती."