लॉटरी आणि आकड्यांच्या खेळात शक्यता मोजताना या चुका टाळा

दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचं प्रकरण असतं. अनुकूल निष्पत्ती वर, एकूण निष्पत्ती खाली, भागाकार केला की उत्तर. पण या सूत्राला एक अट आहे: सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या हव्यात. नाणं आणि फासा यांच्या उदाहरणांत ही अट आपोआप पाळली जाते, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. आकड्यांच्या खेळांत बहुतेक चुका तिथेच होतात. भागाकार सगळ्यांना येतो. खाली कोणती संख्या लिहायची, तिथे गाडी घसरते.

यादीतल्या सगळ्या नोंदी सारख्या वजनाच्या धरणं

मटक्याचंच उदाहरण घेऊ. खेळ बेकायदा आहे आणि त्याने गिरणगावातल्या किती घरांची वाताहत केली हे मुंबईला ठाऊक आहे. तो खेळू नये, असंच माझं मत आहे. पण मोजणीतली ही चूक दाखवायला मराठी वाचकासाठी याहून ओळखीचं उदाहरण नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवर मुंबईत पैजा लागत. ते भाव यायचे थांबले, तेव्हा १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडे काढण्याची पद्धत रूढ केली.

० ते ९ मधले तीन आकडे निघतात. ते चढत्या क्रमाने लावले की पाना तयार होतो; शून्य दहा समजून शेवटी येतं. ३, ८, ६ निघाले तर पाना ३६८, बेरीज १७, तिचा शेवटचा अंक ७, म्हणून ओपन (पहिल्या सोडतीचा आकडा) ७. असेच क्लोजचे, म्हणजे दुसऱ्या सोडतीचे, तीन आकडे काढले की दोन्ही मिळून जोडी.

एकूण पाने किती? तिन्ही आकडे वेगळे असलेले, म्हणजे सिंगल पत्ती, १२०. दोन सारखे असलेले, डबल पत्ती, ९०. तिन्ही सारखे, ट्रिपल पत्ती, १०. बेरीज २२०. इथपर्यंत सगळं बरोबर आहे. चूक पुढच्या वाक्यात होते: ‘म्हणजे कुठलाही एक पाना लागण्याची शक्यता २२० मागे १.’

आकडे एकामागून एक, प्रत्येक वेळी दहाच्या दहांतून निघत असतील तर खऱ्या समसंभाव्य निष्पत्ती १० × १० × १० = १,००० आहेत. ३६८ हा पाना ३६८, ३८६, ६३८, ६८३, ८३६, ८६३ अशा सहा वाटांनी येतो. ३३८ ला तीन वाटा आहेत, ३३३ ला एकच. म्हणून सिंगल पत्तीतला ठरावीक पाना हजारात ६ वेळा, डबलमधला ३ वेळा आणि ट्रिपलमधला एकदाच येतो. २२० वर विसंबणारा माणूस ट्रिपलची शक्यता खऱ्यापेक्षा सुमारे साडेचार पट समजतो.

पडताळा सोपा आहे. १२० × ६ = ७२०, ९० × ३ = २७०, १० × १ = १०. बेरीज बरोबर १,०००. अशा मोजणीत भार लावून एकूण जुळवून पाहिल्याशिवाय उत्तर खरं मानू नका.

ही चूक जुनी आहे. तीन फाशांत बेरीज ९ आणि बेरीज १०, दोन्ही आकड्यांच्या सहा-सहा गटांतून होतात. तरी खेळणाऱ्यांना १० जास्त वेळा येताना दिसे. सतराव्या शतकात गॅलिलिओने २१६ निष्पत्ती मोजून दाखवल्या: ९ साठी २५, १० साठी २७. पान्यांच्या यादीत फसलेला माणूस त्याच जागी फसतो.

आता आकडे काढायची रीत बदला. समजा पत्त्यांच्या जोडातून राजा, राणी, गुलाम बाजूला काढले. ४० पत्ते उरले, प्रत्येक आकड्याचे चार, दश्शी म्हणजे शून्य. तीन पत्ते एकदम ओढले तर ९,८८० निष्पत्ती होतात. ३६८ ला त्यातल्या ४ × ४ × ४ = ६४ मिळतात, ३३८ ला २४ आणि ३३३ ला फक्त ४. ट्रिपलचा ठरावीक पाना आता हजारात एकदा नाही, २,४७० मध्ये एकदा. पान्यांची यादी तीच, २२० ची, शक्यता बदलली. म्हणून गणिताला हात घालण्याआधी विचारा: काढलेला आकडा परत आत टाकला का?

क्रम महत्त्वाचा नसताना तो मोजणं

४९ पैकी ६ आकड्यांची लॉटरी कॅनडात १९८२ पासून आहे, ब्रिटनमध्येही १९९४ ला याच रचनेने सुरुवात झाली. ४९ × ४८ × ४७ × ४६ × ४५ × ४४ केलं की हजार कोटींच्या वर आकडा येतो. तो चुकीचा, कारण तिकिटावर क्रम नसतो. सहा आकड्यांच्या ७२० मांडण्या एकच तिकीट आहेत. ७२० ने भागलं की १,३९,८३,८१६. ब्रिटनने २०१५ मध्ये ४९ चे ५९ चेंडू केले, तेव्हा ‘दहाच वाढले’ असं वाटणं साहजिक होतं. एकूण निष्पत्ती ४,५०,५७,४७४ झाल्या, म्हणजे तिपटीहून जास्त.

‘किमान तीन’ मोजताना तीच निष्पत्ती पुन्हा मोजणं

अभ्यासू विद्यार्थीसुद्धा इथे अडकतात, कारण चुकीची वाट फार सरळ दिसते. ४९ पैकी ६ च्याच लॉटरीत किमान तीन आकडे जुळण्याची शक्यता हवी आहे. निघालेल्या सहांतले तीन निवडायचे: २० प्रकार. मग उरलेल्या ४६ मधून कुठलेही तीन: १५,१८० प्रकार. गुणाकार ३,०३,६००. म्हणजे साधारण ४६ तिकिटांमागे १. पटतं, पण चूक आहे.

चार आकडे जुळलेलं तिकीट घ्या. त्या चारांतले कुठले तीन ‘आधी निवडलेले’ धरायचे? चार प्रकारे धरता येतात, म्हणून ते तिकीट चारदा मोजलं गेलं. पाच जुळलेलं दहादा, सहाच्या सहा जुळलेलं वीसदा. योग्य रीत म्हणजे प्रत्येक पायरी वेगळी काढणं आणि न जुळणारे आकडे फक्त ४३ मधून घेणं. नेमके तीन: २० × १२,३४१ = २,४६,८२०. नेमके चार: १३,५४५. पाच: २५८. सहा: १. एकूण २,६०,६२४, म्हणजे साधारण ५४ मागे १. ‘किमान’ हा शब्द दिसला की हात थांबवा आणि एक निष्पत्ती दोन वाटांनी मोजली जाते आहे का ते बघा.

पुढची शून्यं गाळणं

चार अंकी संख्या ९,००० असतात, पण तिकिटाचे शेवटचे चार आकडे १०,००० प्रकारचे असतात. ०००७ हे चालणारं तिकीट आहे. तिकिटावर आकड्यांची ओळ छापलेली असते, तिला संख्या समजू नका.

रोजच्या शक्यता नुसत्या बेरजेने मिळवणं

मटक्यातल्या जोडीची शक्यता १०० मागे १, म्हणून शंभर दिवस तीच जोडी धरली की ती लागणारच, हा हिशेब कानावर पडतो. न लागण्याची शक्यता रोज ०.९९, शंभर दिवसांनी ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. शंभरातले जवळजवळ ३७ जण शंभर दिवसांनीही कोरडेच राहतील. निम्म्या शक्यतेपर्यंत पोचायलाच ६९ दिवस लागतात. आणि ‘एकाला नव्वद’ हा जोडीचा नेहमीचा भाव धरला तर लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले सरासरी १० जातातच.

‘खूप दिवस आला नाही, आता येणार’

मटक्याच्या मागच्या निकालांचे चार्ट घेऊन बसणाऱ्यांना मला हे कळकळीने सांगायचं आहे. इटलीच्या लोट्टोमध्ये तेव्हा दहा शहरांत वेगवेगळी सोडत होई, प्रत्येकीत ९० मधून ५ आकडे. व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा २००३ च्या मे महिन्यानंतर जवळजवळ पावणेदोन वर्षं आला नाही. लोक त्यावर पैसे वाढवत गेले, आयुष्यभराची पुंजी घालवून बसले. ९ फेब्रुवारी २००५ ला तो निघाला.

एका सोडतीत तो येण्याची शक्यता १८ मागे १. सलग १८२ सोडतींत न येण्याची शक्यता साधारण ३३ हजारांत १. दुर्मीळ वाटतं, पण दहा शहरं आणि प्रत्येकी ९० आकडे म्हणजे ९०० आकड्यांच्या रांगा, त्याही वर्षानुवर्षं चालू. त्यातली एखादी एवढी लांबणं आश्चर्याचं नाही. आणि १८३ व्या सोडतीतही शक्यता १८ मागे १ च होती, कारण चेंडूला मागचं काही आठवत नाही.

पटत नसेल तर हातातला चार्टच तपासा. कुठलाही एकेरी आकडा सलग २० ओपनमध्ये आला नाही अशा सगळ्या जागांवर खूण करा आणि लगेच पुढच्या ओपनमध्ये तो किती वेळा आला ते मोजा. आकडे प्रामाणिकपणे निघत असतील तर प्रमाण दहा मागे एकच्या आसपास मिळेल. चार्टमध्ये अशा जागा थोड्याच सापडल्या तर आणखी वर्षांचे चार्ट जोडा; पाच-दहा नोंदींवरून काही ठरत नाही.