विंडहूक ते माउन: तंबूसह मोटारप्रवासाची तयारी

नामिबियातील विंडहूकहून निघून सोससव्लेईच्या लाल वाळूच्या टेकड्या, एतोशा राष्ट्रीय उद्यान, झांबेझी प्रदेशाची चिंचोळी पट्टी, मग सीमा ओलांडून चोबे राष्ट्रीय उद्यान, त्यातीलच सावुती आणि मोरेमी अभयारण्य करत बोत्स्वानातील माउन गाठायचे, तेही स्वतः गाडी चालवून आणि रोज तंबूत मुक्काम करून, असा बेत असेल तर तयारीची सुरुवात सामानापासून करू नये. ती सूर्यास्तापासून करावी. तेथील हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, संध्याकाळी सहाच्या आसपास सूर्य मावळतो, उद्यानांची फाटके त्याच सुमारास बंद होतात आणि अंधारात रस्त्यावर गाढवे, गुरे व कुडू हरणे येत असल्याने शहराबाहेर रात्री गाडी चालविणे धोक्याचे ठरते. म्हणून प्रत्येक दिवसाचा टप्पा मुक्कामापासून मागे मोजून ठरवावा आणि नकाशा जितके तास दाखवील त्यांवर निदान निम्मे तास वाढवून धरावेत.

मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ निवडावा, कारण त्या महिन्यांत रानातील पाणी आटते आणि प्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. जुलैच्या रात्री वाळवंटात पारा शून्याजवळ जातो आणि ऑक्टोबरात ऊन असह्य होते. माझ्या मते सप्टेंबर त्यातल्या त्यात सोयीचा. अंगोलाच्या डोंगराळ भागात पडलेला पाऊस ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात पोहोचायला काही महिने लागतात, त्यामुळे पावसाचा थेंब नसलेल्या जून ते ऑगस्टमध्येच तेथे पाणी सर्वांत जास्त असते आणि मोरेमीतील काही वाटा बुडतात. पाण्यात उतरून खोली पाहावी हा सल्ला मगरी नसलेल्या देशांसाठी आहे. येथे त्या दिवशी ती वाट ओलांडून आलेल्याला विचारावे. तंबूच्या जागांचे आरक्षण अनेक महिने आधी करावे. एतोशात ओकाउकुएयो, हलाली आणि नामुतोनी हे सरकारी तळ आहेत, पण चोबे आणि मोरेमीतील तळ वेगवेगळ्या खासगी चालकांकडे असल्याने प्रत्येक रात्रीची जागा त्या त्या चालकाकडेच मागावी लागते आणि उद्यानाचे प्रवेशशुल्क निराळे असते.

कागदपत्रांत पारपत्र, दोन्ही देशांच्या प्रवेशाची परवानगी, आरटीओकडून मिळणारा एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना व सोबत मूळ परवाना, भाड्याची गाडी सीमेपलीकडे नेण्यास मालकाने दिलेले लेखी संमतिपत्र आणि मुले बरोबर असल्यास आईवडिलांची नावे असलेला जन्मदाखला ठेवावा. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने असते. नामिबियात दक्षिण आफ्रिकेचा रँडही चालतो, बोत्स्वानासाठी मात्र पुला घ्यावा. आपल्या घरातील सोळा अँपियरच्या सॉकेटचा मोठा तीन गोल पिनांचा प्लग तेथील अनेक सॉकेटांत बसतो, म्हणून तसा प्लग लावलेली एक विजेची पट्टी (एक्स्टेंशन बोर्ड) पुरते.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नये. छतावर तंबू बसविलेली फोर-बाय-फोर पिकअप या मार्गाला योग्य; तिच्यात दोन स्टेपन्या, हवा भरण्याचा पंप, हवा मोजण्याचे यंत्र, फावडे, टोचनासाठी पट्टा आणि दुसऱ्या बॅटरीवर चालणारा फ्रीज असल्याची खात्री करावी, जॅक लावून गाडी प्रत्यक्ष उचलून पाहावी आणि तंबू स्वतः एकदा उघडून मिटावा. खडीच्या रस्त्यावर वेग ताशी 80 किलोमीटरच्या आत ठेवावा, कारण तेथे गाड्या उलटतात त्या बहुधा वेगामुळे. सोससव्लेईच्या शेवटच्या पाचेक किलोमीटरच्या मऊ वाळूत किंवा सावुतीच्या वाटेवर चाकांतील हवा निम्म्यापर्यंत उतरवावी आणि पक्का रस्ता लागताच पुन्हा भरावी. दोन चाकोऱ्यांमधले उंच वाळलेले गवत गाडीखाली, तापलेल्या एक्झॉस्टजवळ साचून पेट घेऊ शकते; दर थांब्याला वाकून पाहणे आणि अग्निशामक हाताशी ठेवणे हाच त्यावर उपाय. चोबेजवळच्या कसाने गावाहून निघाल्यावर माउनपर्यंत इंधनाचा भरवसा नाही आणि वाळूत गाडी नेहमीपेक्षा बरेच जास्त पिते, त्यामुळे टाकी काठोकाठ भरून वर डबेही घ्यावेत. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज पाच लिटर पाणी धरावे.

शिधा विंडहूकमध्ये भरता येतो. लाळ्या-खुरकूत रोग पसरू नये म्हणून दोन्ही देशांत पशुवैद्यकीय नाकी आहेत. तेथे कच्चे मांस काढून घेतले जाते आणि बोत्स्वानात चपलांचे तळवे व चाकेही औषधी पाण्यातून न्यावी लागतात. शाकाहाऱ्यांना याचा त्रास कमी. डाळ, तांदूळ, पोहे आणि थालीपिठाची भाजणी ही न नासणारी शिदोरी उत्तम, मात्र संत्री-मोसंबी मुळीच नेऊ नयेत, कारण हत्तीला तो वास दुरून लागतो आणि त्यासाठी तो गाडीही फोडू शकतो.

चोबे आणि मोरेमीतील सार्वजनिक तळांना कुंपण नसते. हत्ती, तरस आणि प्रसंगी सिंहही तंबूंमधून फिरतात. जेवण अंधार पडण्याआधी उरकावे, भांडी, कचरा, साबण आणि चपलासुद्धा गाडीत बंद कराव्यात (तरस चामडे चावून नेतात), तंबूची चेन पूर्ण लावावी आणि रात्री खाली उतरणे टाळावे; उतरावेच लागले तर आधी हेडटॉर्चने चौफेर पाहावे. म्हणून झाकणाची एक बाटली तंबूत असू द्यावी, हा सल्ला ऐकून लोक हसतात, पण पाळतात. पाणघोडे रात्री चरायला बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या वाटेवर तंबू लावू नये आणि भांडी घासायला काठावर जाऊ नये. हत्ती रस्ता अडवून उभा राहिला तर हॉर्न न वाजवता थांबावे आणि तो कान पसरून पुढे आला तर हळूहळू मागे सरावे. गंडस्थळातून मद ओघळणारा, माजावर आलेला नर दिसल्यास त्याला दुरूनच वाट द्यावी.

औषधांच्या पेटीत जलसंजीवनी, जंतुनाशक, चिकटपट्ट्या आणि डास दूर ठेवणारे मलम असावे. नामिबियाचा उत्तर भाग, चोबे आणि ओकावांगो येथे हिवताप आहे, म्हणून प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस आणि डॉक्सिसायक्लिन चार आठवडे चालू ठेवावी लागते, तेव्हा गोळ्या मोजताना तेही दिवस धरावेत. आणि घरी आल्यावर पुढील काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेतील प्रवासाची माहिती देऊन त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.